मृगाआधी जुन्या चेनसॉचा क्लच उघडून पाहा

द्राक्षाची खरड छाटणी उरकली, हळद शिजून-वाळून यार्डात गेली. मे निम्म्यावर आला की सगळ्यांचं लक्ष बांधाकडे वळतं. तासगाव-पलूस पट्ट्यात मोडलेल्या द्राक्षबागांची खोडं काढायची असतात, कोरेगावकडे पिकावर सावली धरणाऱ्या बाभळी-सुबाभळी छाटायच्या असतात, आणि पाटण-जावळीत पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी अजून अर्धीच झालेली असते. मग माळ्यावरून जुना चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी करवत, खाली येतो. दोरी ओढली की सुरूही होतो. पण रेसवर बोट नसतानाही चेन आपली फिरतच राहते, नाहीतर बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) लाकडात घातला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि चेन जागच्या जागी उभी. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा क्लचमध्ये, म्हणजे इंजिनाची फिरकी चेनला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागातच सापडतं.

एवढ्यावरून मशीन भंगारात देऊन नवं घ्यायला निघालेले लोक मी दर उन्हाळ्यात पाहतो. कॉम्प्रेशन चांगलं असेल, म्हणजे दोरी ओढताना हाताला घट्ट लागत असेल, तर घाई करू नका. क्लचचं काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि एक गोष्ट ध्यानात ठेवली तर घरच्या घरी होण्यासारखं आहे. ती गोष्ट म्हणजे उलटे आटे. तिच्याकडे येतोच.

आधी आत काय चालतं ते बघू. राखणीला गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तसंच इथे होतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला दोन किंवा तीन लोखंडी शू असतात आणि स्प्रिंगा त्यांना आत आवळून धरतात. इंजिन हळू चालतं, साधारण मिनिटाला २५०० ते ३००० फेरे, तोवर स्प्रिंगांची ओढ जास्त असते आणि शू आतच राहतात. रेस दिली, फेरे ४००० च्या आसपास गेले, की शू बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला धरतात. ड्रमला स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आणि स्प्रॉकेटवर चेन. स्प्रिंग सैल पडली की शू लवकर बाहेर येतात आणि रिकाम्या चालीवर चेन फिरते. शू झिजले किंवा त्यांना तेल लागलं की ते ड्रमवर घसरतात. मग इंजिन ओरडतं, चेन थांबते, जळका वास येतो.

खोलण्याआधी मात्र नक्की दुखणं कोणतं ते ठरवा. लाकडात गेल्यावर इंजिनच दबून बंद पडत असेल तर दोष क्लचचा नाही. फिल्टर, कार्बोरेटर किंवा इंजिनाची ताकद तपासा. रिकामी चेन फिरत असेल तर आधी स्लोचा, म्हणजे रिकामी चाल कमी-जास्त करणारा स्क्रू थोडा सैल करून पाहा, बऱ्याच मशीनवर त्याच्याजवळ टी असं अक्षर असतं. इंजिन शांत चालतंय आणि चेनही थांबली, तर काम तिथेच संपलं. चेन थांबायच्या आधी इंजिनच बंद पडत असेल तर मात्र क्लच उघडावा लागेल. तिसरी एक शक्यता लोक विसरतात. ड्रमच्या आतलं निडल बेअरिंग कोरडं पडलं तरी ते ड्रमला बरोबर ओढत नेतं आणि चेन फिरते. मशीन बंद करून, ब्रेक सोडून, हातमोजा घालून चेन ओढून पाहिली की हे कळतं. चेन सहज सरकली पाहिजे.

आता खोलायचं. मशीन पूर्ण गार होऊ द्या, प्लगची टोपी काढा, चेन ब्रेक सोडलेल्या स्थितीत आणा. काही मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा ड्रमला बाहेरून आवळलेला असतो. ब्रेक लागलेला असताना ड्रम निघत नाही आणि झाकणात ब्रेक असेल तर झाकण परत बसत नाही. झाकण, बार आणि चेन काढल्यावर ब्रशने भुसा साफ करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वॉशर कुठल्या बाजूला होता हे तासाभराने कुणालाच आठवत नाही. काही मशीनवर ड्रम बाहेर आणि क्लच आत असतो. तिथे टोकाला छोटा ई-क्लिप असतो, तो काढताना वर फडकं धरा. उडाला तर मातीत सापडत नाही. काहींवर क्लच बाहेर आणि ड्रम मागे, मग आधी क्लचच काढावा लागतो.

क्लच हा नटासारखा क्रँकवर आवळलेला असतो आणि जवळजवळ सगळ्या चेनसॉवर त्याचे आटे उलटे असतात. म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पुष्कळ क्लचवर बाण आणि ऑफ असं कोरलेलं असतं, पण काजळी आणि तेलाखाली ते दिसत नाही. माझ्या पहिल्या मशीनचा क्लच मी नेहमीच्या सवयीने डावीकडे, छिन्नी लावून हातोड्याने ठोकत बसलो. तासाभरात एका शूचा कान तुटला आणि क्लच आणखी घट्ट झाला तो वेगळाच. तेव्हापासून घासून बाण बघितल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. प्लग काढा आणि दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा. टॉर्चने भोकातून पाहत राहा. सायलेन्सरकडचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जाण्याचं भोक, पिस्टनने झाकलं गेलं की थांबा. आता प्लगच्या भोकातून स्वच्छ, गुळगुळीत नायलॉनची दोरी दुहेरी करून आत सरकवा, एक टोक बाहेर ठेवून. पोर्ट उघडं असताना दोरी भरली तर ती तिथे अडकून कापली जाते आणि तुकडे आत राहतात. सुतळी वापरू नका, तिचे धागे सुटतात. प्लगच्या जागी बसणारा प्लास्टिकचा पिस्टन स्टॉपर मिळतो, तो मिळाला तर दोरीची कटकटच नाही. फ्लायव्हीलच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवणं हा मात्र शुद्ध मूर्खपणा आहे. ती पाती हलक्या धातूची असतात आणि तुटतात. क्लचला बसणारा पाना किंवा सॉकेट लावून काट्याच्या दिशेने एक ठाम झटका द्या. न सुटल्यास गॅरेजात नेऊन इम्पॅक्ट गनने सोडवून आणा.

सुटे भाग हातात आले की पहिल्यांदा स्प्रिंगा पाहा. ताण नसताना स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मधून उजेड दिसत असेल, हुक झिजला असेल किंवा रंग निळसर झाला असेल तर ती ताणली गेली किंवा तापली आहे. एकच स्प्रिंग तुटलेली दिसली तरी सगळ्या बदला. एक नवी आणि दोन जुन्या घातल्या की शू मागेपुढे उघडतात आणि मशीन थरथरतं. शूंचंही तसंच, बदलायचे तर संच. फक्त चकाकी आली असेल किंवा बारचं तेल लागलं असेल तर पेट्रोलने पुसून, उघड्यावर वाळवून, पॉलिशपेपरने हलका हात मारला तरी पुरतं. तेल कुठून आलं ते मात्र शोधा. बारच्या तेलाचा पंप गळत असेल तर नवे शूही आठवड्यात तसेच होतील. आणि क्रँकच्या टोकाशी पेट्रोलचा ओलावा दिसला तर ऑइल सील गेलंय. ते चांगल्या मिस्त्रीकडून बदलून घ्या, कारण तिथून हवा आत ओढली गेली की इंजिन आपोआप रेस घेतं आणि चेन फिरते. मग तुम्ही उगाच क्लचला दोष देत बसाल.

ड्रमच्या आत नख फिरवा. खोल चर, कड किंवा भेग असेल, सगळा ड्रम निळा पडला असेल, तर तो गेला. स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाच पाडली असेल तरीही बदला. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट हा हिशेब ठेवला तर नवी चेन लवकर खराब होत नाही. दुकानात जाताना जुना ड्रम, बेअरिंग आणि चेन तिन्ही पिशवीत घालून न्या. चेनचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) तीन अष्टमांश इंचाचा आणि स्प्रॉकेट तीनशे पंचवीसचं, म्हणजे ०.३२५ इंचाचं, अशी जोडी बसत नाही, आणि नुसतं ‘५८ सीसीचा क्लच द्या’ एवढ्याने काउंटरवाल्यालाही नेमकं कळत नाही.

जोडताना निडल बेअरिंगला काडीच्या टोकावर मावेल एवढंच उष्णता सोसणारं ग्रीस. जास्त लावलं तर ते उडून शूंवर जातं. शूंना थेंबभरही तेल नको. क्लच काट्याच्या उलट दिशेने आवळा, बाणाची बाजू बाहेर. काही मशीनवर तेलाच्या पंपाची तार किंवा दांडा ड्रमच्या खाचेत बसतो. तो खाचेत नसेल तर मशीन चालेल, पण बारला तेल येणार नाही आणि एका बाभळीतच बार निळा पडेल. ई-क्लिप खाचेत पूर्ण बसला का हे बोटाने फिरवून पाहा. बार, चेन आणि झाकण बसवल्याशिवाय मशीन सुरू करू नका. उघडा क्लच रेसवर फुटला तर त्याचे तुकडे अंगावर येतात. सुरू केल्यावर, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या मुठीवर पाय देऊन, तीन गोष्टी पाहा. स्लोवर चेन उभी राहते का, रेस दिल्यावर लगेच धरते का, आणि फिरत्या चेनवर ब्रेकचा दांडा पुढे ढकलला की ती त्याच क्षणी थांबते का.

नवे शू दोन महिन्यांत पुन्हा का जातात, हे कुणी फारसं विचारत नाही. पहिलं कारण म्हणजे ब्रेक लावलेला असताना दिलेली रेस. चोकवर सुरू होताना इंजिन आपोआप वर चढतं, तेव्हा रेसला लगेच हलकं बोट लावून ते खाली आणा आणि मगच ब्रेक सोडा. दुसरं बोथट चेन. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला की आपण मशीन दाबतो, आणि दाबलं की क्लच घसरतो. द्राक्षाची खोडं काढताना तर बुंध्याची माती दोन मिनिटांत धार खाते. आधी माती झाडून खोड उघडं करा आणि जमिनीला टेकवून कापू नका. तिसरं, बार फटीत अडकला की रेस धरून ओढायची सवय. अडकला की मशीन बंद करून पाचर ठोका.

वळवाने पडलेल्या फांद्या कापताना विजेची तार शेजारी असेल तर महावितरणला कळवल्याशिवाय हात घालू नका. उभं झाड तोडायचं असेल तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची यादी पाहा. बांध आपला असला तरी साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा यांना परवानगी लागते.

मृग लागल्यावर मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी लवकर सुटतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या दमट हवेत ड्रमच्या आत गंज धरतो आणि शू चिकटतात. मग दसऱ्याला पहिल्यांदा दोरी ओढली की चेन तात्काळ फिरायला लागते. म्हणून ओला भुसा काढून, मशीन कोरड्या जागी टांगून ठेवा आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी चेन हाताने एक फेरा फिरवून पाहा. काढलेली चांगली स्प्रिंग एखाद्या डबीत ठेवून द्या, पुढच्या वर्षी दुकानात लांबी जुळवायला तीच उपयोगी पडते.