अंगणातल्या सेन्सर दिव्याला हात घालण्याआधी

शिडी लावण्याआधी तक्रार नेमकी काय ते ठरवा. दिवा उगाच लागतो, माणूस आला तरी लागत नाही, की फार वेळ जळत राहतो? बिल वाचवायचं असेल तर विषय इथेच मिटतो. 10 वॉटचा एलईडी रोज 12 तास जळला तरी महिन्याला 3.6 युनिट होतात, म्हणजे दहा रुपये दराने 36 रुपये. एवढ्यासाठी वायरमनला बोलावणं परवडत नाही.

मग सेन्सरकडे नीट बघा. त्याच्या पांढऱ्या घुमटावर कोळिष्टकं असतील, पाल ठाण मांडून बसली असेल किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा समोरून जात असेल, तर दोष दिव्याचा नाही. खालची तीन बटणं (किती संवेदनशील, किती वेळ, किती अंधारात) बहुतेक घरांत बसवल्या दिवसापासून कुणी फिरवलेली नसतात, ती आधी फिरवून बघा. रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवा लागत असेल तर सेन्सरच्या पांढऱ्या घुमटाची रस्त्याकडची बाजू काळ्या इन्सुलेशन टेपने झाका. झाली दुरुस्ती!

हा सेन्सर शरीराची उष्णता आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक टिपतो, आणि समोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं. सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारं उशिरा कळतं. म्हणून फाटकाकडे तोंड करून लावलेला दिवा बाजूच्या भिंतीवर सरकवला की बराच फरक पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात संध्याकाळी भिंती आणि फरशी अंगाइतक्याच तापलेल्या असतात, तेव्हा तो आंधळाच होतो. त्याला उघडून काही उपयोग नाही.

उघडायचाच असेल तर आधी वॉरंटीचं कार्ड काढा. पावसाळ्याच्या तोंडावर तर नकोच: एकदा उचकटलेलं रबरी पॅकिंग पुन्हा तसं बसत नाही आणि पहिल्याच सरीला आत पाणी शिरतं. एमसीबी पाडा, टेस्टरने तपासा, मगच हात लावा. स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतला पाच व्होल्टचा वाटणारा भागही फेजला जोडलेला असू शकतो. त्यावर हौसेने दुसरा सेन्सर किंवा वायफायचं बोर्ड जोडायला जाणं माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे.

एक बदल मात्र पैसे वसूल करतो: घरातून दिवा कायम चालू ठेवता येईल असं वेगळं बटण. पाहुणे येतात, रात्री गाडी धुवायची असते, तेव्हा दर दोन मिनिटांनी हात हलवत बसावं लागत नाही. त्यासाठी दिव्यापर्यंत जास्तीची एक वायर लागते. पाइपात तेवढी जागा आहे का, हे वायरमनला फोनवरच विचारू नका. त्याला बोर्ड उघडून बघू द्या. भिंत फोडावी लागणार असेल तर पुढच्या रंगकामापर्यंत थांबा.