जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकायचंय? मग आधी हे वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इकडे इंदूरात ओळखीतले सगळे एकच विचारतायत, लॅपटॉप तर मस्त चालतोय, मग टाकून द्यायचा का? विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, म्हणजे २०१६ च्या आसपासचा लॅपटॉप असेल तर सरळ मार्गाने ते मिळणारच नाही. सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारलीत तर दुकानदार नवीनच दाखवणार, त्याचा धंदाच आहे तो. त्याआधी एकदा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, टाकून बघा, फुकट आहे, दिसायला विंडोजसारखंच आहे, काकांना पण जमतं.

एक सांगतो, इन्स्टॉल करणं हा यातला सगळ्यात सोप्पा भाग आहे. वाट लागते ती आधीची तयारी न केल्यामुळे.

तर पहिलं म्हणजे, लॅपटॉपवर रोज काय वापरता ते बघा. क्रोम, यूट्यूब, बँक, वर्डच्या फाइली एवढंच असेल तर काही प्रश्न नाही, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस सोबतच येतं. पण हिशेबाचं टॅली असेल किंवा मंडळाच्या पत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर हे विंडोजचे प्रोग्राम आहेत, मिंटवर त्यांच्या भरवशावर बसू नका, विंडोज शेजारी ठेवा. कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या फॉन्टची फाइल पण कॉपी करून घ्या, नाहीतर नंतर सगळं इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसेल.

मग बॅकअप. फोटो, डाउनलोड, डेस्कटॉपवरचा सगळा पसारा, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं एक्स्टर्नल डिस्कवर. ज्या पेनड्राइव्हवर मिंट टाकणार त्यावर बॅकअप नको, तो पूर्ण पुसला जातो. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा, पुष्कळ लॅपटॉपवर तो मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की गुपचूप चालू होतो आणि मालकाला पत्ताच नसतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर लिहून घ्या आणि मग एन्क्रिप्शन बंद करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप पण बंद करा, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉल करायची मोठी फाइल) उतरवा, रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. रूफस, म्हणजे आयएसओ पेनड्राइव्हवर टाकणारा विंडोजचा छोटा प्रोग्राम, उघडा, आयएसओ निवडा, बाकी सेटिंग्ज आहेत तशाच राहू द्या, स्टार्ट.

लॅपटॉप रिस्टार्ट करून लगेच की दाबत राहायची, डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असुसला एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की मिंट सुरू होतं, अजून डिस्कला हात पण लागलेला नाही. इथे घाई नको. वायफाय जोडा, गाणं लावून आवाज बघा, टचपॅड, कॅमेरा, सगळं तपासा. काही चालत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. चार्जर लावलेला असू द्या, आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

मग डेस्कटॉपवरचं इन्स्टॉल. भाषा, कीबोर्ड, वगैरे नेक्स्ट नेक्स्ट. मल्टिमीडिया कोडेक्सवर (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात ते) टिक करा. आणि मग येतो तो स्क्रीन जिथे खरंच थांबायचं.

तिथे एक ऑप्शन असतो 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट'. याचा अर्थ अगदी तोच, सगळं पुसणार, विंडोज, डी ड्राइव्ह, लग्नाचे फोटो, सगळं. विंडोज नकोच असेल तरच हा. दोन्ही ठेवायचे असतील तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आधीच ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ५०-६० जीबी जागा मोकळी ठेवायची आणि इथे 'समथिंग एल्स' निवडायचं. यादीत 'फ्री स्पेस' दिसेल, त्यावर क्लिक, अधिकचं चिन्ह, टाइप ईएक्सटी४, माउंट पॉइंट नुसता स्लॅश. १००-२०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा छोटा भाग) दिसेल त्याला फॉरमॅट करू नका, विंडोज तिथूनच सुरू होतं. डिस्क ओळखायची साइझवरून, नावावरून नाही, ८ जीबीवाली ती तुमचा पेनड्राइव्ह. शेवटी काय काय बदलणार याची यादी येते, ती खरंच वाचा, त्यानंतर परत फिरता येत नाही. डिस्कच दिसली नाही तर बहुतेक बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेल आरएसटी हा डिस्कचा मोड चालू असणार, पण विंडोज ठेवायचं असेल तर ते असंच बदलू नका, विंडोज उघडणार नाही, जाणकाराला सोबत घ्या.

झालं की अपडेट मॅनेजर, मग ड्रायव्हर मॅनेजर, मग टाइमशिफ्ट लावून घ्या, काही बिघडलं तर सिस्टम आधीच्या स्थितीत नेता येते. मराठी टायपिंगला कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मिळतो. दोन्ही सिस्टम ठेवल्या तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, कारण मिंट हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, ठेवतं, मिंटला लोकल टाइमवर चालायला सांगितलं की जुळतं. आणि पेनड्राइव्ह लगेच पुसू नका, एखाद्या विंडोज अपडेटनंतर मिंट सुरूच झालं नाही तर त्यातच बूट रिपेअर नावाचं टूल आहे.