खाण नसलेल्या कंपनीचं डिव्हिडंड धोरण कसं लिहावं

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. "तुमच्या कंपनीचे शेअर घेऊन तीन वर्षं झाली गं. डिव्हिडंडचं काय?" मी सांगितलं, काका, आमच्याकडे खाण नाही, शोधाचे परवाने आहेत. त्यांना ते पटलं नाही, आणि चूक त्यांची नव्हती. आमच्या वार्षिक अहवालात या विषयावर एकच ओळ होती: 'सध्या लाभांश देण्याचा विचार नाही.' त्या 'सध्या'वर काका तीन वर्षं बसून होते.

मी मूळची नागपूरची. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट पर्थमध्ये अशा छोट्या खनिज शोध कंपन्यांची कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. त्या रांगेनंतर मी ते धोरण नव्यानं लिहायला घेतलं. तुमच्यावर कधी ही पाळी आली तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, मोठ्यांचं धोरण उचलू नका. मी पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. नॉर्दर्न स्टारचं धोरण रोख कमाईच्या २० ते ३० टक्के वाटण्याचं आहे. वाचायला छान वाटतं, पण ती सोनं विकणारी कंपनी आहे. आमची कमाई म्हणजे बँकेचं व्याज. शून्याचे ३० टक्के लिहून फक्त आशा वाढते.

मग रोकड मोजा. ऑस्ट्रेलियन शेअर बाजारात नोंदलेल्या शोध कंपनीला दर तिमाहीला 'अपेंडिक्स ५बी' भरावं लागतं. त्यात एक रकाना असतो: हातातला पैसा अंदाजे किती तिमाही पुरेल. उत्तर दोनपेक्षा कमी आलं, तर पुढे कसं चालवणार याचा खुलासा द्यावा लागतो. तिथे नुसत्या बँकेतल्या शिलकेवर जाऊ नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात प्रत्येक परवान्यावर भाडं असतं आणि वर्षाला किमान अमुक इतका खर्च त्या जमिनीवर करावाच लागतो, नाहीतर दंड किंवा परवानाच जाण्याची भीती. समजा बँकेत ३० लाख डॉलर आहेत. ठरलेलं ड्रिलिंग, किमान खर्च, भाडं आणि पगार बाजूला काढल्यावर ४ लाख उरले, तर आपल्याकडे ४ लाखच आहेत. आणि हे पैसे भागधारकांनीच नवे शेअर घेऊन दिलेले. त्यातून डिव्हिडंड देणं म्हणजे त्यांचेच पैसे दलालाची फी कापून त्यांना परत करणं.

खरा वाद होतो तो एकगठ्ठा पैसा आल्यावर. एखादा परवाना मोठ्या कंपनीनं विकत घेतला, की संचालकांच्या बैठकीत एक जण म्हणतो वाटून टाकू, दुसरा म्हणतो अजून दहा भोकं पाडू. (दुसरा नेहमी भूगर्भशास्त्रज्ञच असतो.) धोरणाचा अर्ध्याहून अधिक मजकूर या एका प्रसंगासाठी लिहा, आणि पैसा येण्याआधी लिहा. आल्यावर कोणी शांत डोक्यानं बोलत नाही.

वाटायचं ठरलं तर डिव्हिडंड हा एकच रस्ता नाही. डिव्हिडंडसाठी नफा असलाच पाहिजे ही इथली जुनी अट २०१० मध्ये गेली. आता कॉर्पोरेशन्स ॲक्टच्या कलम २५४टी प्रमाणे मालमत्ता देण्यांपेक्षा पुरेशी जास्त हवी, वाटप सगळ्या भागधारकांना न्याय्य हवं, आणि देणेकऱ्यांचे पैसे अडायला नकोत. पण करात गोम आहे. कंपनीनं कर भरलेला असेल तरच त्याचं क्रेडिट, म्हणजे फ्रँकिंग, डिव्हिडंडसोबत जातं. आमच्यासारख्यांचा परवानाविक्रीचा फायदा जुने तोटे गिळून टाकतात, कर भरलाच जात नाही, फ्रँकिंगचं खातं रिकामं. त्यामुळे पर्थच्या काकांना पूर्ण कर बसतो, आणि पुण्यातल्या त्यांच्या भावाला भारत-ऑस्ट्रेलिया कर करारानुसार १५ टक्के कर कापून रक्कम मिळते. म्हणून अनेकदा भांडवल परत करणं बरं पडतं. त्याला भागधारकांची मंजुरी लागते, आणि कर खात्याकडून आधी क्लास रुलिंग, म्हणजे सगळ्या भागधारकांना कर कसा लागेल याचा लेखी निर्णय, घ्यावं, कारण ते खातं त्याला डिव्हिडंड ठरवू शकतं. तिसरा रस्ता, एखादा प्रकल्प वेगळ्या कंपनीत टाकून तिचे शेअर वाटायचे. चॅलिस या खनिज शोध कंपनीनं २०२१ मध्ये फाल्कन मेटल्स अशीच वेगळी काढली.

भागधारकाला मोठा पैसा बहुतेकदा कुठून येतो, हेही धोरणात एका वाक्यात सांगा. डी ग्रे या शोध कंपनीला हेमी नावाच्या ठिकाणी सोनं सापडलं आणि २०२५ मध्ये नॉर्दर्न स्टारनं ती कंपनीच घेतली. डी ग्रेच्या एका शेअरमागे नॉर्दर्न स्टारचे ०.११९ शेअर मिळाले. अशा कंपनीत कमाई झालीच तर भावातून किंवा अशा विक्रीतून होते.

खरा मसुदा इंग्रजीत जातो, पण मी आधी मराठीत लिहून पाहते. मराठीत लपवाछपवी लगेच उघडी पडते. आमचा असा झाला:

'कंपनीकडे उत्पन्न देणारी खाण नाही. ती होईपर्यंत नियमित लाभांश मिळणार नाही. परवाना किंवा प्रकल्प विकून पैसा आल्यास, पुढच्या सहा तिमाहींचा खर्च बाजूला ठेवून उरलेल्या रकमेचं काय करायचं हे संचालक मंडळ ९० दिवसांत ठरवेल आणि कारणांसह जाहीर करेल.'

सहा आणि नव्वद हे आमचे आकडे. तुमचं ड्रिलिंग पावसाळ्यात बंद पडत असेल, तर आठ तिमाही धरा. 'सध्या', 'योग्य वेळी', 'परिस्थितीनुसार' हे शब्द शोधून खोडा. आणि धोरणाचा फेरविचार दरवर्षी अमुक तारखेला असं न लिहिता, परवाना विकला गेला किंवा खाणीचा निर्णय झाला की लगेच, असं लिहा.