ओएलईडी काळाच राहतोय? आधी स्कॅन करा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ०.९६ इंचाचा ओएलईडी (छोटा डिस्प्ले) आणलात, रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलात, मायक्रोपायथनचा (अशा बोर्डांसाठीच्या पायथनचा) कोड चढवलात आणि पडदा काळाच? कोड खोडत बसू नका. आधी पिनांवरची अक्षरं वाचा. दिसायला सारख्याच दोन मॉड्यूलवर जीएनडी (ग्राउंड) आणि व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) जागा उलटी असू शकते. मी जुन्या वायरिंगच्या भरवशावर एक डिस्प्ले जाळलाय.

मग आयटूसी स्कॅन चालवा, म्हणजे आयटूसीच्या दोन तारांवर काय काय जोडलंय ते पिको शोधतो आणि त्यांचे पत्ते सांगतो. उत्तरात ६० (अशा डिस्प्लेचा नेहमीचा पत्ता) आलं तर डिस्प्ले जिवंत आहे. रिकामी यादी आली तर बहुधा एसडीए-एससीएल (आयटूसीच्या डेटा आणि क्लॉकच्या पिना) उलटे लागलेत, नाहीतर जंपर (जोडणीची तार) सैल आहे. आपल्या दमट हवेत जुन्या जंपरची टोकं काळवंडतात, त्यामुळे माझा पहिला संशय त्यांच्यावरच.

६० येऊनही अंधार? मग बहुतेक कोडमधली ‘शो’ची ओळ राहिली. अक्षरं आधी पिकोच्या मेमरीत लिहिली जातात, ‘शो’ म्हटल्यावरच काचेवर उमटतात. आणि हो, १.३ इंचाच्या डिस्प्लेत बहुधा एसएच११०६ चिप असते. तिला ०.९६ इंचवाल्यातल्या एसएसडी१३०६ चिपचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) दिलात तर चित्र विस्कटतं, मुंग्या दिसतात. तिचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो.