औषधाला पैसे मिळतात, खोलीभाड्याला मिळत नाहीत

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, कॅन्सर रुग्णांसाठी निधी उभारण्याच्या कामात नोकरी म्हणून यावं का? जरूर यावं. मी परळ भागात हेच काम करते. मात्र पैसे नेमके कशासाठी मागायचे, हे आधी नीट समजून घ्या.

आपल्याकडे या कामाची मुळं जुनी आहेत. लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी ट्रस्ट काढला. पुढे टाटा ट्रस्टच्याच पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. म्हणजे उभं राहिलं दानातून आणि चालवतं सरकार. मग देणग्या अजून कशाला, असं तुम्हाला देणगीदार विचारणारच.

याचं उत्तर मिळतं दादरला. बाहेरगावचे रुग्ण उतरतात त्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन या. यवतमाळहून किंवा थेट बिहारहून आलेलं कुटुंब मुंबईत राहणार कुठे, खाणार काय? लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचा एक नेहमीचा प्रकार आहे, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. बापाची मजुरी बुडते, घरची दुसरी पोरं शेजाऱ्यांकडे. केमोचा खर्च सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून किंवा ट्रस्टकडून भागतोही, पण खोली, जेवण आणि गाडीभाडं परवडेना म्हणून उपचार अर्धवट टाकून माणसं गावी परततात. देणगीदाराला मात्र 'एका मुलाचं ऑपरेशन' हवं असतं, खोलीभाडं कुणालाच द्यायचं नसतं. माझ्या मते आपलं खरं कौशल्य हे नकोसं खोलीभाडं मागण्यात आहे.

कागदाची बाजू पक्की हवी. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकर सवलत ('८०जी' म्हणतात ती) मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. म्हणून 'टॅक्स वाचेल' एवढ्यावर मागणी उभी करू नका. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. तिथे प्रस्ताव, हिशेब, अहवाल सगळं इंग्रजीत आणि वेळेवर लागतं. मराठी शाळेतून आलेल्यांनी घाबरू नये, ही इंग्रजी ठरावीक असते, सहा महिन्यांत जमते.

रुग्णाच्या हाती रोकड देऊ नका, चेक हॉस्पिटलच्या किंवा औषध दुकानाच्या नावे काढा. फोटो छापण्याआधी परवानगी घ्या, आणि ती ॲडमिशनच्या गोंधळात सही उरकून नव्हे. टक्कल पडलेल्या पोराचा रडवेला फोटो पैसा पटकन आणतो, हे खरं. मी तो वापरत नाही. ते पोर बरं होऊन कॉलेजात जाईल तेव्हाही तो फोटो नेटवर असेल.

पगार बेताचा आहे, मुंबईत घरभाडं जड जातं. मुलाखतीत संस्थेकडे ऑडिट झालेला हिशेब मागा. टाळाटाळ केली तर तिथे जाऊ नका.

आणि रुग्ण दगावला तर देणगीदाराला फोन करून सांगायचं. हे काम शिकाऊ मुलांवर ढकललं जातं, म्हणून आधीच तयारी ठेवा. चार दिवस जाऊ द्या, मग उरलेली रक्कम दुसऱ्या रुग्णाकडे वळवू का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बहुतेक जण हो म्हणतात.