सर्वो ड्राइव्ह ट्रिप झाला? रीसेट दाबण्याआधी या चुका टाळा

सर्वो ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि जागा सांभाळणारं युनिट) अलार्म देऊन थांबला, म्हणजे ट्रिप झाला, की हात आधी रीसेटवर जातो आणि निम्मा पुरावा तिथेच पुसला जातो. दशांशानंतरच्या आकड्यासकट अलार्मचा नंबर लिहून घ्या. मित्सुबिशीच्या एमआर-जे४ ड्राइव्हवर (खालचे नंबरही त्याचेच) ५०.१ म्हणजे मोटर फिरताना आलेला ओव्हरलोड, आणि ५०.४ म्हणजे मोटर थांबलेली असताना आलेला. दोन्हींचा शोध वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. सोबत ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: ट्रिप वेग घेताना झाला, थांबताना, की थांबलेला असताना?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओव्हरलोड दिसला की ड्राइव्ह बदलणे. उभ्या अक्षावर (लोड वर-खाली नेणाऱ्या) हे नेहमी घडतं. मशीन सकाळी बिनतक्रार चालतं, दुपारी एएल.५० (ओव्हरलोडचा अलार्म) येतो. ड्राइव्ह बदलतात, अलार्म तसाच. मोटर बदलतात, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दोष असतो मोटरमधल्या ब्रेकच्या २४ व्होल्टमध्ये. या ब्रेकच्या कॉइलला वीज मिळाली की तो सुटतो, वीज गेली की शाफ्ट धरून ठेवतो. लांब, बारीक वायर आणि रिलेचा जळका कॉन्टॅक्ट यांत व्होल्टेज गळतं. पॅनेलमध्ये मीटर २४ दाखवतो, मोटरच्या कनेक्टरवर मात्र १९. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, ओढ कमी पडते, ब्रेक अर्धवट सुटतो आणि मोटर त्याच्याशी झगडत फिरते. ‘टक्’ आवाज आला म्हणून ब्रेक पूर्ण सुटला असं धरू नका. ब्रेक सुटलेला असताना, कॉइलला लोड असताना, मोटरच्या टोकाशीच मोजा. २१.६ च्या खाली असेल तर वायर जाड करा, रिले बदला आणि कॉइलवर सर्ज ॲब्सॉर्बर (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज शोषणारा भाग) लावा, नाहीतर नवा कॉन्टॅक्टही जळेल. हाताने शाफ्ट फिरवून बघायचा असेल तर आधी लोडखाली भक्कम आधार द्या. ब्रेक सोडताच उभा अक्ष खाली येतो, आणि तिथे घाई केली तर हात जातो.

ओव्हरलोडनंतर सप्लाय बंद-चालू करून लगेच मशीन पळवणं हा शॉर्टकट नव्हे. मोटर किती तापली याचा ड्राइव्हने ठेवलेला हिशेब तुम्ही पुसता, वाइंडिंग तेवढंच गरम राहतं. अर्धा तास थांबा. प्रॉडक्शनवाले ओरडतील, ओरडू द्या.

ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावू नका. यू, व्ही, डब्ल्यू या मोटरच्या तीन वायरी ड्राइव्हकडून सोडवा, मगच मोटर आणि केबल तपासा. एन्कोडरच्या (मोटरची जागा ड्राइव्हला कळवणाऱ्या सेन्सरच्या) वायरींना मेगर कधीच नाही.

थांबताना एएल.३३ (ओव्हरव्होल्टेज) आला तर नवशिके थेट डिसेलरेशन टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, वाढवतात. अलार्म जातो, सायकल टाइमही जातो. आधी रीजनरेटिव्ह रेझिस्टर (थांबताना मोटरकडून परत येणारी वीज जिरवणारा) बघा: ओहममध्ये मोजा, पॅरामीटर पीए०२ मध्ये तोच निवडलाय का पाहा. बाहेरचा रेझिस्टर लावताना ड्राइव्हच्या पी प्लस आणि डी टर्मिनलमधली जोडणी काढायची राहून जाते, तीही बघा.

एएल.२० (एन्कोडरशी संपर्क तुटल्याचा अलार्म) अधूनमधून येत असेल तर एन्कोडर बदलण्याआधी केबल चेनमध्ये हलणारा भाग हाताने वाकवून बघा. शील्ड (केबलवरची धातूची जाळी) क्लॅम्पने धातूवर पूर्ण दाबलेली हवी, वेणी घालून टर्मिनलला जोडलेली नव्हे.

एन्कोडरची पोझिशन जपणाऱ्या बॅटरीची वॉर्निंग आली की कंट्रोल सप्लाय चालू ठेवूनच बॅटरी बदला. बंद करून बदलली तर एएल.२५ (पोझिशन पुसली गेली) येतो आणि होम पोझिशन नव्याने सेट करावी लागते. मात्र मेन सर्किट बंद करून १५ मिनिटं थांबा आणि चार्ज लॅम्प विझल्याची खात्री करा.