लीव्हर-ॲक्शन .२२ रायफल स्वस्तात घ्यायची आहे? पुण्यात या चुका टाळा

लीव्हर-ॲक्शन .२२ म्हणजे चापाभोवतीची कडी पुढे-मागे फिरवून काडतूस भरायची, ०.२२ इंची नळीची रायफल. परवडणारी कोणती, असं इंटरनेटवर विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. हेन्रीची एच००१ घ्या, नाहीतर रॉसीची रिओ ब्राव्हो बघा. उत्तर चुकीचं नाही, पण ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी आहे. आपल्याकडे १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, आणि देशात इशापूरच्या सरकारी कारखान्यात (पश्चिम बंगाल) तयार होणारी .२२ स्पोर्टिंग रायफल बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे बाजूचा दांडा मागे-पुढे ओढून भरायची आहे. त्यामुळे पुण्यात तुमच्यासमोर लीव्हर-ॲक्शन आली, तर ती बहुधा कुणाच्या आजोबांच्या काळातली मार्लिन, विंचेस्टर किंवा ब्राउनिंग असणार. म्हणजे पाहायचं ते मॉडेलपेक्षा त्या एका बंदुकीची तब्येत आणि तिचे कागद. पुढच्या बहुतेक चुका या दोन गोष्टी दुय्यम मानल्यामुळे होतात.

परवान्याआधी इसार देणे

ओळखीतून बंदूक कळते, भाव बरा वाटतो आणि माणूस पैसे देऊन मोकळा होतो. असं करू नका. .२२ रायफल एअरगनसारखी नसते, तिला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी .२२चा परवाना मिळण्याची तरतूद कलम १३ मध्ये स्पष्ट आहे, म्हणून नेमबाजीची आवड असेल तर सुरुवात क्लबपासून करा. अर्ज कुठे करायचा हे राहत्या पत्त्यावर ठरतं. शहरात पुणे पोलीस आयुक्तालय, पिंपरी-चिंचवडला २०१८पासूनचं वेगळं आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, ही मर्यादा २०१९च्या दुरुस्तीनंतरची आहे. घरात वारशाने आलेली बंदूक असेल तर ती आधी मोजा.

एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे बंदूक जाताना विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. ‘आज न्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच संपवा. बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबरशी अंकाअंकाने जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा कोरल्यासारखा दिसला, तर ती फुकटसुद्धा महाग आहे.

मुलांच्या स्पर्धेसाठी लीव्हर-ॲक्शन शोधणे

ऑगस्ट २०२४मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (तीन पवित्र्यांतली नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक मिळवलं. तो मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण घडला पुण्यात, बालेवाडीच्या रेंजवर. ‘त्याच्याकडे .२२ आहे, मग आमच्या मुलीलाही .२२च हवी’ असं पालकांना वाटतं आणि त्या उत्साहाचं मला मनापासून कौतुक आहे. मात्र ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत दर फैरीला हाताने एकच काडतूस भरायची रायफल चालते. नळीखाली दहा-पंधरा काडतुसं घेणारी लीव्हर-ॲक्शन तिथे उपयोगाची नाही. सुरुवात १० मीटर एअर रायफलने, तीही क्लबच्या, करावी. लीव्हर-ॲक्शन आवडीची, मोकळ्या सरावाची बंदूक आहे. ती त्याच कारणासाठी घ्यावी.

चेंबरचा काठ न पाहता पॉलिशवर भाळणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. गिऱ्हाईक दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड बघतं, नळीचा निळसर रंग बघतं, लीव्हर दोनदा फिरवतं आणि खूश होतं.

.२२चं काडतूस रिमफायर प्रकारचं. त्यात ठिणगी देणारा मसाला मधोमध नसतो. तो बुडाच्या काठात भरलेला असतो, आणि फायरिंग पिन त्या काठावरच आदळते. काडतूस नसताना चाप ओढत राहिलं की तीच पिन थेट चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर बसते. वर्षानुवर्षं घरातल्या पोरांनी खेळ म्हणून चाप ओढला असेल, तर तिथे खळगा पडतो आणि त्याची कड आत चेंबरमध्ये उचलली जाते. मग काडतूस आत जाताना अडतं, रिकामी पुंगळी (काडतुसाचं झाडल्यावर उरणारं कवच) बाहेर यायला त्रास देते. मालक म्हणतो ‘तेल घातलं की चालेल’. तेल घालून ती कड बसत नाही.

त्यामुळे आधी मॅगझिनची आतली नळी बाहेर काढून बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मग लीव्हर उघडून टॉर्चच्या उजेडात चेंबरच्या तोंडाची कड पाहा. रेंजवर चालवून पाहायची सोय झाली तर रिकाम्या पुंगळीवर प्रत्येक वेळी त्याच जागी ओरखडा येतो का, हे तपासा. किरकोळ खळगा जाणकार कारागीर खास अवजाराने बसवून देतो. खोल असेल तर सोडून द्या.

नळीतून उजेडाकडे बघताना आत गोल कड्यासारखी सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. कधीतरी गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडली गेली असावी. अशी नळी नको. गंजाचे थोडे ठिपके असतील तर भाव कमी करून घेता येतो.

घोडा, म्हणजे पिनेवर आदळणारा मागचा हातोडा, अर्ध्या खाचेपर्यंत चढवून, बंदूक रिकामी असतानाच, चाप ओढून पाहा. घोडा पडता कामा नये. जुन्या लीव्हर-ॲक्शनमध्ये वेगळं सेफ्टी बटण बहुधा नसतं, सगळी भिस्त या अर्ध्या खाचेवर असते.

मार्लिन ३९ए असेल तर बाजूचा एक मोठा स्क्रू काढला की बंदूक दोन भागांत सुटते आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. पुण्याच्या पावसाळ्यात ही सोय मला फार मोलाची वाटते. ब्राउनिंग बीएल-२२चा लीव्हर फक्त ३३ अंश फिरतो, छोट्या हातांनाही जमतो. विंचेस्टर ९४२२ देखणी आणि भक्कम, पण तिचं उत्पादन २००५मध्ये थांबलं. कोणतीही घ्या, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) किंवा पिन तुटली तर कोण घडवून देईल हे कारागिराला आधी विचारा.

.२२ म्हणजे सगळं सारखंच समजणे

.२२ काडतुसाचे दोन मुख्य प्रकार: लाँग रायफल १८८७चं, जास्त ताकदीचं मॅग्नम १९५९चं. मॅग्नमची पुंगळी जास्त रुंद असते. लाँग रायफल काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसतं आणि झाडल्यावर पुंगळी फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. नळीवर कोरलेलं वाचा, तोंडी माहितीवर विसंबू नका.

अडली की बंदुकीला दोष देणे

लीव्हर-ॲक्शन अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लीव्हर अर्धवट फिरवणे. तो पुढे पूर्ण टोकापर्यंत आणि मागे पूर्ण बंद, एकाच ठाम हालचालीत न्यावा. हळूहळू, जपून फिरवला की काडतूस मध्येच तिरकं होतं.

काडतूस पेटलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मगच उघडा. पिनेची खूण नीट खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा, काठात मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकामागून एक काडतुसांवर खूण फिकट येत असेल तर पिन, स्प्रिंग किंवा साचलेली मळी तपासा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची फैर झाडू नका. बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते आधी पाहा.

छोटी गोळी म्हणून हलक्यात घेणे

.२२ची गोळी दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. वेताळ टेकडीपासून कोथरूडची वस्ती त्याहून जवळ आहे. टार्गेट प्रॅक्टिसचा परवाना रेंजवरच्या सरावासाठी असतो, मुळशीच्या फार्महाऊसवर बाटल्या फोडण्यासाठी नव्हे. ससा आणि मोर यांना तर १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. त्याआधी नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, नंबरासकट फोटो काढा आणि पावती जपून ठेवा. परत मिळाल्यावर पहिली फैर झाडण्याआधी नळीतून कोरडं फडकं फिरवून उजेडात आत बघा.